विहिरीशेजारची मोकळी जागा

कानाची मशीनं दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून असलेल्या टेबलाशी, एकतीस वर्षं एकच बाई बसत आल्या होत्या. गिऱ्हाइकं त्यांना कानवाल्या बाई म्हणत. म्हातारी माणसं कानातलं मशीन काढून त्यांच्या तळहातावर ठेवत आणि तक्रारींचा पाढा सुरू करत. हे शिट्टी मारतं. हे खरखरतं. ह्यातून सून सोडून सगळ्यांचं ऐकू येतं. बाई नुसती मान डोलावत. मशीन काढलेल्या माणसाला उत्तर देण्यात काही अर्थ नसतो हे त्यांना ठाऊक होतं. तोवर त्यांचं नख मशीनच्या इवल्याशा झाकणाखाली गेलेलं असे आणि बटणाएवढा सेल टुणकन बाहेर पडलेला असे. टेबलामागच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात एक कागद डकवला होता : ‘आधी सेल बाहेर. मग हात आत.’ शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे इतक्यांदा ऐकवलं होतं की त्यांच्या मागे सगळे त्यांची नक्कल करत. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

हे झालं पोटापाण्याचं. जीव मात्र घरच्या कपाटात होता. दोन खोल्यांचं घर, एकटा जीव, आणि मोठ्या खोलीत भिंतभर कपाट. शेजारणीला वाटे, कपडे असतील. एकदा दार उघडं राहिलं आणि तिनं डोकावून पाहिलं, तर आत एकोणीस जुनी व्हिडिओ गेमची यंत्रं, तारा व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली, आणि खालच्या खणात ओळीनं कॅसेटी.

“अगंबाई! ह्या वयात?” शेजारीण म्हणाली.

“मग कोणत्या वयात? लहानपणी आम्हा दोघांत मिळून एकच होतं. माझी पाळीच यायची नाही,” बाई म्हणाल्या.

अशा जुन्या यंत्रांच्या शौकिनांचा फोनवर एक गट होता, आणि तिथं बाईंचं नाव होतं डाखमावशी. कुणाची तार सुटली, कुणाचं बटण दबेनासं झालं, की ते यंत्र खोक्यात बसून बाईंकडे येई आणि कथलाचा नवा डाख लावून परत जाई. गटातली निम्मी माणसं त्यांच्या मुलांच्या वयाची असती, त्यांना मुलं असती तर. नव्या खेळांचा विषय निघाला की बाई नाक मुरडत. चित्र इतकं खरं झालं तर खेळणाऱ्यानं मनानं काय भरायचं, असा त्यांचा सवाल असे.

ही सगळी खोड धाकट्या भावाची. त्यानंच लावलेली.

त्याला घरात भुंग्या म्हणत, कारण खेळायला बसला की तो गुणगुणे. गाणं नव्हे, सूर नव्हे, नुसतं हूं-हूं-हूं. आई वैतागायची. बाईंना मात्र त्या आवाजावरून डाव कसा चाललाय ते पाठ फिरवूनही कळायचं. एकोणतिसाव्या वर्षी तो स्कूटरवरून पडला. बाई तेव्हा नव्या धर्तीच्या मशीनांची दुरुस्ती शिकायला दुकानातर्फे सहा महिने परगावी होत्या. त्या धावत आल्या तेव्हा तो शुद्धीवर होता, बोलत होता, हसत होता, आणि दहा मिनिटांपूर्वी कोण येऊन गेलं ते त्याला सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून नवीन काही त्याच्या डोक्यात टिकलं नाही. आता तो त्रेपन्न वर्षांचा होता आणि रोज सकाळी एकोणतीस वर्षांचा होऊन उठत होता. शुश्रूषा केंद्रातल्या त्याच्या खोलीच्या आरशात एक टकलू गृहस्थ दिसे. त्याला तो अगत्यानं “या, बसा ना” म्हणे.

पहिली काही वर्षं तो ताईला ओळखत होता. मग ताईचे केस पिकले, चष्मा लागला, अंग सुटलं. एके दिवशी त्यानं मोठ्या अदबीनं विचारलं, “काकू, आमची ताई कधी येणार आहे, काही कल्पना आहे का तुम्हाला?” बाईंनी सांगितलं की मीच ताई. पुन्हा सांगितलं. हट्टानं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा तो भिंतीला टेकून ओरडायला लागला, “माझ्या ताईचं काय केलंत तुम्ही?” त्याला शांत करायला तिघं लागले. केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता परत हे नको. तेव्हापासून बाई सख्ख्या भावाच्या काकू झाल्या. खालच्या आवाजात, परक्या बाईसारखं, ‘अहो’ म्हणून बोलायला शिकल्या. दर रविवारी जात, तास दोन तास बसत. परत येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडत आणि सोमवारी टेबलाशी हजर राहत.

त्याच्या डोक्यात काही टिकत नसलं तरी एक जागा मात्र होती, जिथे भुंग्या हरवत नसे. अपघाताच्या आधी दोन वर्षं त्यानं एक खेळ सुरू केला होता. त्यात मारामारी नाही, शत्रू नाही. नुसती मोकळी जमीन मिळते आणि तिच्यावर गाव वसवायचं. नदीवर पूल बांधा, गिरणी उभारा, झाडं लावा, ती वाढेपर्यंत थांबा. अपघातानंतर केंद्रात राहायला आला तेव्हा ते यंत्र आणि ती कॅसेट सोबत आली. सकाळचा चहा झाला की तो गावात शिरे तो जेवणाची घंटा होईपर्यंत. तिथली प्रत्येक गल्ली त्याला पाठ होती. केंद्रातलं स्वच्छतागृह कुठं ते रोज विचारावं लागे, पण गिरणीमागच्या बोळातून नदीवर कसं जायचं हे नाही. दार उघडं असलं की त्याची गुणगुण लांबच्या जिन्यापर्यंत ऐकू येई. ती चालू आहे तोवर सगळं ठीक, हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं.

एका रविवारी केंद्रातल्या मामांनी बाईंना जिन्यातच गाठलं. हे मामा म्हणजे त्या मजल्यावरचे सेवक, भुंग्याचं उठणं-बसणं गेली चौदा वर्षं तेच बघत.

“कालपासून पडदा मधेच थरथरतोय हो,” मामा म्हणाले. “आणि गावातलं घड्याळ मागं जातंय. मला त्यातलं कळत नाही, पण म्हटलं तुमच्या कानावर घालावं.”

बाईंना लगेच कळलं. त्या काळच्या कॅसेटीत खेळलेला खेळ लक्षात राहतो तो एका चपट्या सेलच्या जिवावर. यंत्र बंद असतानाही तो सेल आतल्या आठवणीला थेंब थेंब वीज पाजत बसतो. तो मेला, की सगळं कोरं. भुंग्या जेवायला गेला तेव्हा बाईंनी कॅसेट उघडून सेल मोजला. तीन व्होल्टचा सेल दोन पॉइंट तीनवर आला होता. सव्वीस वर्षं चालला होता, त्याला तरी काय बोलणार!

सेल बदलणं म्हणजे बाईंच्या डाव्या हातचा मळ. पण जुना काढून नवा घालेपर्यंतचा जो क्षण, तेवढ्यात गाव जाणार. म्हणून आधी बाजूनं दुसऱ्या सेलच्या तारा जोडून घ्यायच्या, डाख द्यायचा, त्या तारांतून वीज चालू झाली की मगच जुन्याला हात लावायचा. गटातल्या एकानं आठवणीची नक्कल काढून ठेवणारं एक यंत्र पाठवलं. पण ही कॅसेट कुठल्याशा छोट्या कारखान्याची होती, तिची मांडणी न्यारी, आणि त्या यंत्राला तिच्यातलं अवाक्षर वाचता येईना. तेव्हा हातानंच करायचं ठरलं. बाईंनी गटातून आठ जुन्या कॅसेटी मागवल्या, त्यांच्यात खेळ साठवले आणि एकेकीचा सेल बदलला. आठच्या आठ शाबूत. शिवाय पुढच्या रविवारी त्यांनी भुंग्याच्या मागे बसून, तो गावात फिरत असताना, पडद्याचे फोटो काढले. दोनशे चौदा. “काकू, एवढं आवडलं होय आमचं गाव?” तो खूश होऊन म्हणाला आणि मुद्दाम आणखी एक फेरी मारून आला.

एक गोष्ट बाईंना पहिल्याच दिवशी दिसली होती आणि त्यांना बरं वाटलं होतं. बाकीच्या कॅसेटींत सेल डाखानं पक्का बसवलेला असतो, तो काढायलाच दहा मिनिटं मोडतात. ह्या कॅसेटीत तो नुसता एका चिमट्यात अडकवला होता. नखानं उचकला की बाहेर. बाई स्वतःशी म्हणाल्या, चला, अर्धं काम वाचलं.

बुधवारी दुकानाला सुट्टी होती. सकाळी साडेनऊला बाई मागच्या खोलीत एकट्याच आल्या. घरच्यापेक्षा तिथला दिवा चांगला. कॅसेट हलू नये म्हणून त्यांनी लहानपणीच्या प्लॅस्टिकच्या रंगीत ठोकळ्यांचा एक साचा बनवला होता, लाल-पिवळा, चारही बाजूंनी घट्ट. त्यात उघडी कॅसेट बसवली. तारा कापून ठेवल्या, नवा सेल पुसून ठेवला. डाख द्यायची कांडी तापायला लावली. तापली की तिची पिन भिंतीतून उपसायची आणि मग टेकवायची, नाहीतर तिच्यातूनच वीज निसटून घोटाळा होतो. सगळं मनात तीनदा म्हणून झालं. हात धुतले. हात कोरडे केले. कपाळावर घाम होता, तो बाहीनं टिपला.

तेवढ्यात फोन वाजला. मामा होते.

“तो सारखा विचारतोय, गाव कुठंय. सांगितलं दुरुस्तीला गेलंय, की गप्प बसतो आणि पाच मिनिटांनी परत. आज चहा पण नाही घेतला. वेळ लागेल का हो?”

“दुपारी घेऊन येते. सांगा त्याला, दुपारी येतंय,” बाई म्हणाल्या.

फोन ठेवला. समोर दिव्याखाली उघडी कॅसेट, तिच्यात चिमट्यात बसलेला बटणासारखा सेल. बाईंच्या मनात भुंग्याचा न घेतलेला चहा होता. आणि एकतीस वर्षांत हजारो वेळा जे केलं तेच त्यांच्या उजव्या हातानं, त्यांना न विचारता केलं. नख खाली गेलं. सेल टुणकन बाहेर आला.

तो टेबलावर गोल फिरून आडवा पडेपर्यंत बाई नुसत्या बघत राहिल्या. मग झडप घालून त्यांनी तो परत चिमट्यात कोंबला. दोन सेकंद झाले असतील, फार तर तीन. “नाही, नाही, नाही,” त्या मोठ्यानं म्हणत होत्या. कॅसेट बंद केली, सोबत आणलेल्या यंत्रात घातली, छोटा पडदा लावला. नदी नाही, पूल नाही. हिरवी कोरी जमीन, आणि वर एक आनंदी पाटी : नवीन गाव वसवायचं का?

भिंतीवरचा कागद बाईंनी फाडला, चुरगाळला आणि परत उलगडून बघत बसल्या. त्यांना स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. तो हात टेबलावर आपटावासा वाटला, आणि त्यांनी तो आपटला.

दुपारी त्या केंद्रात गेल्या, खरं सांगायचं असं ठरवून. पण भुंग्या दारातच उभा होता. “आलं का?” त्याचा चेहरा बघून बाईंनी ते पुढे ढकललं. नवा सेल घातलेली कॅसेट त्यांनी यंत्रात बसवली. एवढी एकच आशा होती की कोरी जमीन दिसली तर तो नव्यानं बांधायला घेईल. त्यानं पडद्याकडे पाहिलं. खेळातल्या जमिनीवर चार पावलं डावीकडे गेला, जिथे पूल असायचा. चार पावलं मागे आला. मग हातातली खेळायची बटणांची पट्टी भिंतीवर फेकून दिली. “हे माझं नाही! माझं गाव कुठंय?”

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी अर्धं जेवला. आठवड्यानंतर तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागला, लोकांच्या खोल्या उघडून आत बघू लागला, आणि अडवलं तर ढकलू लागला. काय शोधतोय हे त्याला सांगता येत नव्हतं. एका म्हाताऱ्या पेशंटला त्यानं पाडलं. गुणगुण तर पार थांबली होती.

डॉक्टरीणबाईंनी बाईंना खोलीत बोलावलं. “मला वाईट वाटतं सांगायला. पण महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं, तर त्याला वरच्या बंद वॉर्डात हलवावं लागेल. दुसरा इलाज नाही.”

वरचा वॉर्ड बाईंनी पाहिला होता. तिथे दाराला बाहेरून कडी असे आणि खिडक्या उंचावर.

महिनाअखेर एकोणीस दिवसांवर होती. बाईंनी दुकानातून रजा घेतली. एकतीस वर्षांत त्यांनी एवढी मोठी रजा प्रथमच मागितली, तेव्हा मालकांना वाटलं काही मोठं ऑपरेशन असावं. तसं समजा, बाई म्हणाल्या. मग कॅसेट घरी आणली, दोनशे चौदा फोटो छापून भिंतीवर जोडून लावले, आणि पहाटे पाचपासून दिवेलागणीपर्यंत त्या गाव बांधत बसल्या. नदी पाचव्या दिवशी जागेवर आली. पूल सातव्या. गिरणीचा दरवाजा एक घर डावीकडे गेला म्हणून अख्खी गिरणी पाडली. खेळातली झाडं वाढायला खेळातलेच दिवस जावे लागतात, ते घाईनं होत नाही, म्हणून आधी सगळी झाडं लावून घ्यायची, मग त्यांच्या मधून घरं. अंगठ्याला फोड आला, त्यावर पट्टी लावून खेळल्या. गटातल्या कुणीतरी फोनवर विचारलं, “डाखमावशी, गायब झालात की काय?” बाईंनी फोन पालथा ठेवला. चूक कबूल करायला तोंड नव्हतं.

पण बांधता बांधता त्यांना भाऊ भेटत गेला, हेही खरं. पुलाच्या टोकाशी त्यानं एक बाक ठेवला होता, तिथून नदीचं वळण दिसे. गिरणीमागच्या बोळात लहानपणच्या घरासारखी तीन पायऱ्यांची घरं होती. हे सगळं त्या इतकी वर्षं त्याच्या पाठीमागे बसून बघत होत्या आणि त्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं.

अठराव्या दिवशी गाव पुरं झालं. फोटोशी ताडून पाहिलं, कुठं फट नाही. एक जागा तेवढी बाईंना खटकत होती. विहिरीशेजारी, गावाच्या अगदी मध्यावर, कुंपण घातलेला मोठा चौकोन होता. कुंपणाला छोटं दार. आत काहीच नाही. एवढा टापटिपीचा माणूस आणि गावातली सगळ्यात चांगली जागा अशी ओसाड? राहून गेलं असेल. बाईंजवळ सात रोपं उरली होती, पांढऱ्या फुलांची, लहानपणी अंगणात त्या लावत तशी. त्यांनी ती त्या चौकोनात लावली. अख्ख्या गावात आपल्या मनाचं तेवढं एकच. रात्रभर खेळ चालू ठेवला, झाडं मोठी झाली, फुलली, छान दिसली. बाईंनी खेळ साठवला, सेल मोजला, तीनवर होता, आणि कॅसेट रुमालात गुंडाळली.

शेवटच्या दिवशी सकाळी त्या केंद्रात पोचल्या. भुंग्या खाटेच्या कडेला बसला होता. गाल बसलेले, दाढी वाढलेली. डॉक्टरीणबाई दाराशी येऊन थांबल्या, हाताची घडी घालून. मामांनी तारा जोडायला घेतल्या.

“आलं बघ तुझं गाव,” मामा त्याला म्हणाले, आणि तार खोचता खोचता बाईंकडे वळून, “सुटलो बुवा. आता फिरेल बिचारा रोजच्यासारखा. शेवटी त्या विहिरीजवळच्या मोकळ्या जागेपाशी जाणार, दार उघडणार, आत बघणार, दार लावणार. की झाला ह्याचा दिवस पुरा.”

बाईंच्या हातातली पिशवी खाली ठेवता ठेवता राहिली. “कुठल्या मोकळ्या जागेपाशी?”

“ती नाही का, कुंपण असलेली. मी एकदा म्हटलं, अरे इथं काहीतरी लाव की. तर माझ्या अंगावर आला. म्हणे, ही जागा ठेवलीय, हिला हात लावायचा नाही.”

“कुणासाठी ठेवलीय?”

“ते नाही सांगत.”

भुंग्यानं बटणाची पट्टी हातात घेतली होती. आता ती काढून घेणं म्हणजे सगळ्यावर पाणी. बाई त्याच्यामागे खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे टेकल्या. पडदा उजळला, नदी आली, पूल आला. त्याचं छोटं माणूस पुलावर उभं राहिलं आणि एक क्षण हललं नाही. मग चाललं. बाक. नदीचं वळण. गिरणीकडे डावीकडे, बोळातून उजवीकडे, तीन पायऱ्यांची घरं. भुंग्याचे खांदे हळूहळू खाली आले. आणि अठ्ठावीस दिवसांनी त्या खोलीत, आधी घशातल्या घशात, मग स्पष्ट, हूं-हूं-हूं सुरू झालं. मामांनी डोळे पुसले. डॉक्टरीणबाईंनी हाताची घडी सोडली.

बाई मात्र पावलं मोजत होत्या. बोळ संपला की विहीर. त्यांना मोठ्यानं ओरडून सांगावंसं वाटत होतं, आज पुढे जाऊ नको, आज इथूनच मागे फिर. माणूस विहिरीला वळसा घालून कुंपणाच्या दाराशी आलं. दार उघडलं.

गुणगुण थांबली.

सात पांढरी झाडं पडद्यावर उभी होती. भुंग्या वाकून बघत होता. बाईंना त्याची मान दिसत होती, कानामागची शीर ताठ झालेली. मामा पाऊलभर पुढे सरकले, अडवायच्या तयारीत.

“काकू,” भुंग्या म्हणाला. आवाज अगदी हळू होता. “इथं कुणीतरी येऊन गेलं.”

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. “हो.”

“ही पांढरी फुलं. दुसरं कोण लावणार? ताई येऊन गेली. ही तिचीच जागा आहे काकू. मी तिला फोनवर विचारलं, तुझं घर कुठं बांधू? तर म्हणाली, तू जागा धरून ठेव, दार कुठल्या बाजूला हवं ते मी आल्यावर सांगते.”

तो फोन. परगावच्या वसतिगृहातला जिन्याखालचा फोन, मागे रांग लागलेली, आणि बाई घाईत, हो रे बाबा, धरून ठेव जागा, आल्यावर सांगते, ठेवू आता? आठ दिवसांनी तो स्कूटरवरून पडला. त्या धावपळीत बाई हे साफ विसरल्या होत्या. चोवीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. ज्याच्या डोक्यात काही टिकत नाही असं सगळे म्हणत, तो रोज दार उघडून बघत होता, ताई आली का.

“पण मग मला न भेटता कशी गेली?” भुंग्या म्हणाला. तो उठला. कधी कुणाला हात लावू न दिलेली पट्टी त्यानं बाईंच्या हातात दिली. “जरा धरा काकू. इथंच असेल कुठंतरी. बघून येतो.”

तो दारापर्यंत गेला. डॉक्टरीणबाई बाजूला झाल्या. चौकटीला धरून तो व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघू लागला. बाईंकडे त्याची पाठ होती.

चेहऱ्याच्या मानानं आवाज फार उशिरा म्हातारा होतो. नवं मशीन लावलेली माणसं बायकोचा आवाज ऐकून दचकत आणि बाई त्यांना हेच सांगत. स्वतःचा तो आवाज मात्र त्यांनी कित्येक वर्षं काकूच्या आवाजाखाली दाबून ठेवला होता. भीती वाटत होती. डॉक्टरीणबाई दारातच होत्या, आणि वरचा बंद वॉर्ड एका जिन्यावर होता. बाईंनी पडद्याकडे तोंड केलं, डोळे मिटले, आणि चोवीस वर्षांपूर्वी जेवायला बोलावताना मारायच्या तशी हाक मारली.

“भुंग्याऽऽ! बाहेर काय करतोयस? आत ये बघू.”

“आलो गं ताई,” तो म्हणाला.

ते तोंडून गेलं, त्यानं विचारही केला नव्हता. सवयीनंच गेलं. तो वळला आणि भराभर आत आला, आणि त्याची नजर पडद्यावरच होती, कारण खेळ सोडून उठलेल्या माणसाची नजर परत येताना पडद्यावरच असते. तो बाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा, पाठ त्यांच्या गुडघ्याला टेकवून. वर न बघताच हात मागे केला. बाईंनी त्याच्या हातात पट्टी ठेवली.

“किती उशीर,” तो म्हणाला. “बोल लवकर. दार कुठल्या बाजूला?”

डॉक्टरीणबाईंनी मामांना खूण केली आणि दोघं आवाज न करता निघून गेले. आपला चेहरा त्याला दिसणार नाही एवढ्या बेतानं बाई जराशा मागे सरकून बसल्या.

“विहिरीकडे,” त्या म्हणाल्या. “आणि ही दोन झाडं काढ, मला उजेड हवा.”

“बरं,” म्हणून त्यानं पहिलं झाड काढलं, आणि हूं-हूं-हूं करत पायाची पहिली वीट ठेवली.